जळालेले गाव पुन्हा उभे राहते
(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज एका दूरच्या गावाची हकीगत सांगायची आहे. गावाचं नाव जास्पर. कॅनडा देशात आल्बर्टा नावाचा प्रांत आहे. त्या प्रांताच्या पश्चिमेला रॉकी पर्वताच्या उंच रांगा आहेत. त्या डोंगरांत, अथाबास्का नदीच्या काठी, हे गाव वसलेलं आहे.

आमची मुलगी आणि जावई त्याच प्रांतात एडमंटन शहरात राहतात. २०२५ साली उन्हाळ्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. जावईबापूंनी आम्हाला मोटारीने जास्परला नेले. वाट सुमारे ३६५ किलोमीटरची. सकाळी निघालो, ते दुपारी पोचलो.

जास्पर हे साधे गाव नाही. ते राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे. राष्ट्रीय उद्यान म्हणजे सरकारने राखून ठेवलेले रान. १९०७ साली हे रान राखीव झाले. त्याचा पसारा सुमारे ११,००० चौरस किलोमीटर आहे. गावची वस्ती मात्र पाच हजारांच्या आतबाहेर. तिथली जमीन सरकारची. लोक ती भाडेपट्ट्याने घेतात आणि वर घर बांधतात. पोट चालते ते पाहुण्यांवर. खाणावळी, लॉज, दुकाने, रेल्वे, यांत माणसे कामाला असतात.

आता वणव्याचे ऐका.

२०२४ सालचा जुलै महिना. ऊन कडक, रान वाळलेले. २२ जुलैला विजा पडून रानात आगी लागल्या. वारा जोराचा होता. त्याच रात्री हुकूम निघाला, गाव सोडा. त्या वेळी गावात आणि उद्यानात मिळून सुमारे २५,००० माणसे होती. त्यांत बहुतेक पाहुणे. पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या वाटेवर आग होती. उरला एकच रस्ता, पश्चिमेचा. रात्रीच्या अंधारात, धुरात, मोटारीला मोटार लागून सगळी माणसे त्या रस्त्याने बाहेर पडली. लेकरे, म्हातारी माणसे, दवाखान्यातले रोगी, कोणी मागे राहिले नाही.

दोन दिवसांनी, २४ जुलैच्या संध्याकाळी, आग गावात शिरली. गावात १,११३ इमारती होत्या. त्यांतल्या ३५८ जळाल्या. म्हणजे दर तीन इमारतींमागे जवळजवळ एक गेली. पण गावकऱ्यांपैकी एकही माणूस दगावला नाही. आग विझवणारा एक तरुण जवान मात्र ३ ऑगस्टला अंगावर झाड पडून गेला. दुसऱ्यांची घरे राखायला आला आणि परत गेला नाही. त्याची आठवण ठेवली पाहिजे.

आम्ही गेलो तेव्हा या गोष्टीला वर्ष झाले होते. गावाबाहेर मैलोन्मैल काळी झाडे उभी. पाने नाहीत, फांद्या नाहीत, नुसते खुंट. पाहून पोटात कालवले. पण खाली पाहिले तर राखेतून हिरवे गवत आलेले. मधूनमधून गुलाबी फुलांचे ताटवे. ही फुले जळालेल्या जमिनीवरच आधी येतात, असे जावईबापूंनी सांगितले.

गावात गेलो. मोठा रस्ता शाबूत. रेल्वेचे स्टेशन शाबूत. दवाखाना आणि शाळाही वाचलेल्या. दुकाने उघडी, पाहुण्यांची वर्दळ. वाटले, इथे काही झालेच नाही. मग दोन गल्ल्या पुढे गेलो आणि पाय थबकले. एका ओळीत घरांच्या जागी नुसती रिकामी, साफ केलेली जमीन. तिला कुंपण घातलेले. कुठे पायऱ्या उरलेल्या, वर घर नाही. आणि शेजारीच एक घर धडधाकट, दारात फुलांच्या कुंड्या.

आम्ही विचारले, हे कसे? तिथल्या एका बाईंनी मुलीच्या तोंडून आम्हाला समजावून सांगितले. आग नुसती जमिनीवरून चालत येत नाही. वाऱ्याबरोबर निखारे उडतात. लांबून येऊन घरावर पडतात. छपराच्या पन्हाळीत वाळलेला पाला असला, भिंतीला लागून सरपण रचलेले असले, तर तिथे ठिणगी धरते. एक घर पेटले की शेजारचे पेटते. त्या बाईंचे स्वतःचे घर वाचले होते. समोरच्यांचे गेले होते. समोरच्यांना तोंड कसे दाखवावे हेच कळत नव्हते, असे त्या म्हणाल्या. हे ऐकून आमच्या घरच्यांनी त्यांचा हात हाती घेतला. भाषा येत नव्हती, पण दुःख कळत होते.

वर्ष झाले तरी घरे का उभी राहिली नव्हती? लोक १६ ऑगस्ट २०२४ ला गावात परतू लागले. पण जळाल्या घराची राख विषारी असते, ती जपून उचलावी लागते. त्याला महिने लागले. मग विम्याचे पैसे हवेत, नकाशे हवेत, परवाना हवा, कारागीर हवेत. हिवाळ्यात तिथे बर्फ पडते, तेव्हा बांधकाम जिकिरीचे. घरमालकाला निदान विमा तरी मिळतो. जो कामकरी भाड्याच्या खोलीत राहत होता, त्याची खोलीच गेली. कामधंदा होता पण राहायला जागा नव्हती. अशांसाठी तात्पुरती घरे आणून ठेवली होती. संकट सगळ्यांवर सारखे येते म्हणतात, पण ते सगळ्यांना सारखे लागत नाही. गरिबाला जास्त लागते.

आता एक समजून घेण्याजोगी गोष्ट. एवढी मोठी आग लागली कशी? पूर्वी त्या रानात आदिवासी लोक राहत. ते मधूनमधून लहान आगी लावून रान मोकळे ठेवीत. पुढे उद्यान झाले. लोकांना बाहेर काढले आणि प्रत्येक आग विझवायची असे ठरले. त्यामुळे रान दाट झाले. त्यात एका भुंग्याने लाखो पाईन झाडे मारली. वाळके लाकूड साठत गेले. हवाही आता पूर्वीपेक्षा जास्त तापते. बारुदाचे कोठार भरले आणि वरून ठिणगी पडली. सरकारने गेल्या वीस वर्षांत गावाभोवतालची झाडे विरळ केली होती. म्हणून तर गावाचा दोन तृतीयांश भाग राखता आला, असे तिथले जाणते सांगतात.

त्या पाईन झाडाची गंमत ऐका. त्याची बोंडे राळेने घट्ट मिटलेली असतात. आगीच्या धगीने राळ वितळते, बोंड उघडते आणि बी राखेत पडते. झाड मरते, पण मरता मरता बी पेरून जाते.

पण म्हणून कोणी आपल्या डोंगराला काडी लावू नका! आपल्याकडे पुष्कळजण म्हणतात, वणवा लावला की गवत जोमाने येते. आपले रान ते नव्हे. आपल्याकडे वणव्यात रोपटी मरतात, पाखरांची घरटी जातात, माती उघडी पडते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. आपल्याकडे वीज पडून नव्हे, बहुतेक माणसाच्या हातानेच आग लागते. विडीचे थोटूक, बांधावरचा पाला, मधाचे पोळे काढताना धरलेला टेंभा.

तेव्हा जास्परपासून आपण काय घ्यायचे? उन्हाळ्यापूर्वी घराभोवतीचा पालापाचोळा काढावा. सरपणाची आणि कडब्याची गंजी भिंतीपासून दूर रचावी. वनखाते जाळपट्टे काढते, त्याला हात लावावा. कागदपत्रे एका पिशवीत ठेवावीत. आणि घर सोडा असा निरोप आला की गुरे मोकळी सोडून निघावे. उगीच रेंगाळू नये. तिथे २५,००० माणसे वाचली, ती वेळेवर निघाली म्हणून.

आता तुम्ही वाचायला शिकला आहात. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लागते, ती तुम्ही वाचा. शेजाऱ्याला वाचता येत नसेल तर त्याला वाचून दाखवा. आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी, अशी गत होऊ नये. तहान लागण्याआधी विहीर खणलेली बरी.