विजेची सायकल आणि मोटार वाहन कायदा

(रत्नागिरी येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



मांडवीच्या किनाऱ्यावरून मारुती मंदिरापर्यंत सायकलने चढून येणाऱ्यास रत्नागिरीचा भूगोल वेगळा शिकवावा लागत नाही. अशा चढउतारांच्या जिल्ह्यात विजेच्या सायकलीचे स्वागत व्हावे, हे स्वाभाविकच आहे. मात्र "हिला लायसन्स लागत नाही, पासिंग लागत नाही" हे दुकानातील वाक्य कधी खरे असते आणि कधी खोटे, एवढ्याच प्रश्नापुरते मी आज बोलणार आहे.

विजेच्या वाहनास मोटार वाहन केव्हा समजू नये, याची कसोटी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटहून कमी असावी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असावा आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोग्रॅमहून अधिक नसावे. योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक हवा. पायडलच्या सायकलीत मोटरचे साहाय्य वेगाबरोबर घटत जाऊन पंचविसाला, किंवा पाय थांबताच त्याआधीही, बंद पडले पाहिजे. शिवाय या सर्वांची खातरजमा अधिकृत चाचणी संस्थेने केलेली असावी लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही अशीच एक संस्था होय.

यांपैकी एक अट मोडली की सवलत संपते. मग नोंदणी, हिरवी नंबरप्लेट, विमा, लायसन्स व हेल्मेट हे सर्व ओघानेच आले. पायडल आहे ही सबब चालत नाही. १९७२ मध्ये आलेल्या पुण्याच्या 'लूना'लाही पायडल होते आणि तिचेही पासिंग होत असे. साध्या सायकलीला पेट्रोलचे इंजिन जोडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, कायद्यातील सूट २५ सीसीपर्यंतच्या इंजिनालाच आहे.

आता हे नियम मोडतात का, ते पाहू. माणूस व वाहन मिळून १२० किलोग्रॅम भार धरला आणि दहास एक असा चढ घेतला, तर २५० वॅटमध्ये ताशी सात-आठ किलोमीटरहून अधिक वेग निघत नाही. मागे दुसरा बसला की तो पाचावर येतो. आमच्या घाट्या चढताना गिऱ्हाईक कंटाळते, आणि कोणीतरी वेगाची मर्यादा काढून देतो किंवा मोठी मोटर बसवून देतो. सपाटीवर हेच वाहन पन्नासच्या वेगाने धावते. ब्रेक मात्र पंचविसाचेच राहतात. अशा बेकायदा फेरबदलांविरुद्ध राज्याच्या परिवहन आयुक्तांनी मे २०२२ मध्ये मोहिमेचे आदेश दिले होते.

दंडापेक्षा मला विम्याची चिंता अधिक वाटते. फेरबदल केलेल्या वाहनाने पादचाऱ्यास धडक दिली, तर ते कायद्याने मोटार वाहन ठरते, परंतु त्याचा विमा कोणीच उतरविलेला नसतो. भरपाईचा बोजा मालकावर, म्हणजे बहुधा एखाद्या शेतकरी किंवा मच्छीमार बापावर, येऊन पडतो. नियमात बसणाऱ्या सायकलीलाही विम्याची सक्ती नाही. त्यामुळे तिची धडक बसलेल्या म्हातारीच्या हाती काय लागेल, हे चालविणाऱ्याच्या ऐपतीवर ठरते. हा भाग मला कायद्यातील उणीव वाटतो.

चालविणारा अठरा वर्षांखालील असेल, तर प्रकरण अधिक गंभीर होते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. "ती तर सायकलच आहे" हे उत्तर तेथे उपयोगी पडत नाही.

नोंदणी टाळण्यास खर्चाचे कारण सांगितले जाते. परंतु विजेच्या वाहनांच्या नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्येच माफ केले आहे. ज्याला चढावर जोर हवा, त्याने सरळ नोंदणीची स्कूटर घ्यावी. सायकलच घ्यावयाची असेल, तर खरेदीपूर्वी चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागावी, वाहनावरील मॉडेलचे नाव तिच्याशी ताडून पाहावे आणि पावतीवर मोटरची शक्ती लिहून घ्यावी. मुख्याध्यापकांनी ही प्रत पालकसभेत मागण्यास हरकत नसावी. नियमात बसणाऱ्या सायकलीवर हेल्मेटची सक्ती नाही; परंतु शाळेने आपल्या आवारापुरता तसा नियम केला, तर त्यास कायद्याची आडकाठी नाही.