जुनी वही आणि विण्याचा मान



शताब्दीच्या पुस्तकासाठी दिंडीचा इतिहास गोळा करायचं काम मंडळींनी माझ्याकडं दिलं. मी चौथी शिकलेला माणूस. पण चाळीस वर्षं कीर्तनात सांगत आलो, की या दिंडीचा पहिला विणा आमच्या पणजोबांच्या गळ्यात होता. म्हणलं, छापायच्या आधी एकदा बघून घ्यावं.

दिंडीची सगळ्यात जुनी जमाखर्चाची वही मोडीत आहे. ती मोडी जाणणाऱ्या एका गुरुजींना दाखवली. मोडीत आधी रेघ ओढायची आणि तिच्याखाली लिहीत जायचं. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत. म्हणून तेच अक्षर दुसऱ्या पानावर कसं काढलंय, ते ताडून बघावं लागतं. गुरुजींनी ताडून वाचलं. विणेकऱ्याचं नाव आमच्या पणजोबांचंच! माझी छाती फुगली. पण नावापुढं 'बिन' होतं. बिन म्हंजे अमक्याचा मुलगा. आणि पणजोबांच्या बापाचं नाव तर आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग पंढरीत आमच्या उपाध्यांकडं गेलो. यात्रेकरूचं गाव, बाप, आजा, भाऊ, मुलं त्यांच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. आमचं घराणं सापडलं, पण या गावाखाली नाही, माण तालुक्यातल्या एका गावाखाली. पुढं नोंद होती, शके 1799, गाव सोडून इकडं वस्ती. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांना 79. म्हंजे 1877च्या सुमाराला. 1876 ते 78चा मोठा दुष्काळ तो हाच. घरात मात्र सांगत, पाटीलकीच्या भांडणातून बाहेर पडलो.

त्या नोंदीत पणजोबांच्या बापाचं नाव होतं, आणि ते दिंडीच्या वहीतल्याहून वेगळं निघालं. दिंडीच्या वहीतले बाप-लेक त्याच उपाध्यांकडं आमच्या गावाखाली सापडले. ते वरच्या आळीतल्या घराचे.

त्या घरातली म्हातारी आमच्या लहानपणी म्हणायची, "तुमची माणसं आमच्या गोठ्यात उतरली होती." आम्ही तो अपमान धरला. दोन घरांचं जाणं-येणं तुटलं. तिचं बोलणं कुठल्या वहीत नाही, पण साल आता जुळतंय. उपाशी आलेल्याला त्यांनी निवारा दिला, आणि आम्ही त्यांचाच विणा आपल्या नावावर केला.

माउली, आपल्यात आज्याचं नाव नातवाला ठेवतात, आणि देवाचं नाव तर घरटी एक. नुसतं नाव बघून वंशावळ जोडू नका. बापाचं नाव बघा, गाव बघा, साल बघा. आणि लिहिणारा, सांगणारा कशासाठी सांगतोय तेही बघा. जमाखर्च लिहिणाऱ्याला कोणाला मोठं करायचं नव्हतं. मला करायचं होतं. म्हातारीची गोष्ट खोटी म्हणून टाकली, ती कडू लागली म्हणून. पाटीलकीची खरी धरली, ती गोड लागली म्हणून.

मी त्या घरी गेलो, थोरल्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "बुवा, विणा विठोबाचा. पण आमच्या म्हाताऱ्याचं नाव पुस्तकात येऊ द्या."

ते पहिल्या पानावर आलं आहे. मागं मी जे सांगत होतो ते विसरा, ही विनंती. रामकृष्णहरी.