ट्रकचा दिवा का लागत नाही?
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशी मोठी माणसे बोलून जातात. यंदा संस्थेने माझ्यासारख्या, वाहनांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या माणसाला बोलावले. "विषय कोणता घेऊ?" असे मी चिटणीस साहेबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "जे रोज करता तेच सांगा." म्हणून मी आज जुन्या ट्रकच्या दिव्यांबद्दल बोलणार आहे. विषय लहान वाटेल, परंतु रात्रीच्या रस्त्यावर तो लहान राहत नाही.

आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. त्याच्याही आधीपासून हे गाव मालवाहतुकीचे आहे. इथली बियाणे, मोसंबी, कापूस, रोलिंग मिलची लोखंडी सळई, हे सगळे ट्रकनेच बाहेर जाते. नव्या गाड्यांत आता संगणक आले, २०२० पासून बीएस-६ची इंजिने आली, तरी लाकडी बॉडीचे जुने ट्रक आजही आपल्या अड्ड्यांवर उभे दिसतात. त्यांचे इंजिन दणकट असते. बिघडते ती बहुधा वायरिंग.

एका गाडीची हकिकत सांगतो. मोसंबी भरून रात्री निघायची होती. ड्रायव्हर चाचा वैतागलेले. तक्रार अशी की, दिवसा ब्रेक दाबला की पुढचे पार्किंगचे दिवे मंद लागतात. रात्री मागचे लाल दिवे चालू असताना ब्रेक दाबला, तर ब्रेकचा दिवा वाढण्याऐवजी मागचे सगळेच दिवे मिणमिणते होतात, आणि न लावलेले इंडिकेटरही किंचित पेटतात. चाचा म्हणाले, "बेटा, गाडीला आसेब झाला आहे." समोर लिंबू-मिरची टांगलेलीच होती! तोवर ही गाडी तीन ठिकाणी जाऊन आली होती. एकाने बल्ब बदलले, दुसऱ्याने ब्रेकचा स्विच व फ्यूजची पेटी बदलली, तिसऱ्याने जुनी वायर तशीच ठेवून तिच्यावरून नवी वायर ओढली. पैसे तिन्ही ठिकाणी गेले आणि तक्रार जशीच्या तशी.

मी प्रथम पाना हातात घेतला नाही. चाचांना विचारले, "हे कधीपासून सुरू झाले? त्याआधी गाडीचे काय काम केले होते?" ते म्हणाले, "काही नाही, फक्त बॉडी रंगवली." अर्धे उत्तर तिथेच मिळाले.

विद्यार्थी मित्रांनो, वीज बॅटरीतून निघून दिव्यापर्यंत गेली म्हणजे काम झाले, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. तिला परत बॅटरीत यावे लागते. समजा, जालन्याहून अंबडला एसटी जातात, परंतु परतीचा रस्ता वाहून गेला. मग जालन्याहून तरी गाड्या किती वेळ सुटणार? मोटारगाडीत जाण्यासाठी वायर असते आणि परतण्यासाठी गाडीचे लोखंड, म्हणजे चेसिस. याला आपले कारागीर 'अर्थ' म्हणतात. ज्या ट्रकची मागची बॉडी लाकडाची असते तिथे लाकूड वीज नेत नाही. म्हणून मागचे दिवे ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेले असतात, त्या पट्टीपासून चेसिसपर्यंत एक स्वतंत्र अर्थची वायर बोल्टने आवळलेली असते.

मी मीटर व्होल्टवर लावला. एक टोक लांब वायर जोडून बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरे टोक मागच्या दिव्याच्या लोखंडी अंगाला, आणि चाचांना ब्रेक दाबायला सांगितले. परतीचा रस्ता नीट असेल तर इथे अर्ध्या व्होल्टच्या आत काटा राहिला पाहिजे. तो पाचाच्या जवळ गेला. बारा व्होल्टपैकी पाच व्होल्ट परतीच्या वाटेतच अडकून पडत होते. गाडीखाली गेलो. चेसिसवरच्या अर्थच्या बोल्टवर सुरेख निळा रंग! रंगाऱ्याने बोल्ट सैल करून पट्टी काढली, सगळे रंगवले आणि रंगावरच थिंबल आवळले. त्यात वायरच्या तोंडाला हिरवा गंज चढलेला. रंग खरवडून लोखंड चकचकीत केले, नवे थिंबल दाबून बसवले, दातेरी वॉशर घातला, आवळल्यावर वरून ग्रीस लावले. वीस मिनिटांचे काम. आसेब उतरला.

इंडिकेटर आपोआप का पेटत होते, हेही सांगतो, कारण हे कोडे मला फार आवडते. ब्रेकच्या दिव्यातून आलेल्या विजेला हक्काची परतीची वाट मिळेना. तेव्हा ती शेजारच्या इंडिकेटरच्या तारेतून उलटी शिरून, पुढच्या इंडिकेटरच्या बल्बमधून, पुढच्या चांगल्या अर्थने घरी जात होती. दिवसा पार्किंगचे दिवे लागायचे तेही याच चोरवाटेने. एक दिवा लावला असता भलताच दिवा पेटला, तर नव्वद टक्के वेळा अर्थ पाहावा, असा माझा अनुभव आहे.

आता थोडे गणित. जर्मनीच्या ओहमने १८२७ साली जो नियम प्रसिद्ध केला, तो आपल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. परीक्षेत मुले तो लिहितात व विसरतात. बारा व्होल्टचा साठ वॉटचा हेडलाइट पाच अँपिअर वीज घेतो, म्हणजे पेटलेल्या तारेचा रोध झाला सुमारे २.४ ओहम. वाटेतल्या एखाद्या गंजक्या जोडाने फक्त एक ओहम रोध वाढवला, तर एकूण ३.४ झाला. वीज उरली साडेतीन अँपिअर आणि बल्बच्या वाट्याला आले साडेआठ व्होल्ट. बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो. व्होल्टेज एक-दशांशाने उतरले तर प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी जातो. इथे तर सुमारे एक-तृतीयांशच उरला. ड्रायव्हर म्हणतो, "बल्ब कमजोर आहे, शंभर वॉटचा टाका." जास्त वॉटचा बल्ब टाकला की त्याच कुजक्या जोडातून जास्त वीज ओढली जाते, जोड तापतो आणि वायरचे रबर वितळते.

मीटरबद्दल एक सावधगिरी. अनेक तारांच्या वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी, दिवा बंद असताना मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो आणि शिकाऊ पोरगा फसतो. म्हणून मोजमाप दिवा चालू ठेवून, भार असतानाच घ्यावे. मीटर नसेल तर होल्डरला दोन वायरी जोडलेला एकवीस वॉटचा बल्ब बरोबर ठेवावा, तो खोटे बोलत नाही. जुन्या ट्रकांत काही बारा व्होल्टचे, काही दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेले चोवीस व्होल्टचे असतात. ते आधी पाहावे, नाहीतर तपासणीचा बल्बच उडेल.

शोधायचे कसे? बॅटरीपासून दिव्यापर्यंतची वाट मध्यावर तपासा. मध्यावर वीज पोहोचते? मग पुढचा अर्धा भाग दोषी. नाही पोहोचत? मग मागचा. पुन्हा त्याचा मध्य. चार-पाच वेळा असे केले की दोष एक हाताच्या टप्प्यात येतो. सगळी टेप सोलून वायरिंग उघडे करणाऱ्याचा दिवस जातो आणि तो दोन नवे दोष करून ठेवतो.

फ्यूज वारंवार उडत असेल तर प्रकार वेगळा. तिथे वायर कुठेतरी सोलून चेसिसला लागलेली असते. त्या लाइनवरचे सर्व बल्ब काढा, फ्यूजच्या जागी तपासणीचा बल्ब जोडा आणि स्विच चालू करा. बल्ब पेटला म्हणजे वीज वाटेतच लोखंडाला लागते आहे. आता वायर ठिकठिकाणी हलवा, एकेक जोड सोडा. ज्या क्षणी बल्ब विझेल तिथे चोर. आपल्याकडे मात्र सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज बसवतात.

हे मी दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. शिकाऊ असताना मीही ते केले आहे. एका गाडीचा टेललाइटचा फ्यूज राहीना. मालकाला घाई होती, मी तांब्याची जाड तार घातली आणि दिवे लागले. वीस-पंचवीस किलोमीटरवर वायर आतून जळाली. आग लागली नाही, परंतु मागचे दोन्ही दिवे गेले आणि ड्रायव्हरला ते कळलेच नाही. स्वतःच्या गाडीचा मागचा दिवा कोणाला दिसतो? अंधारात एक मोटारसायकलवाला मागून आदळला. तो वाचला. त्याचा पाय पुढे कधी सरळ झाला नाही. मी दवाखान्यात त्याला भेटायला गेलो होतो. ती तार मी घातली हे त्याला सांगण्याचे धाडस मला त्या दिवशी झाले नाही. दुसऱ्या खेपेला सांगितले.

कायद्यानेही सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत दिवे लागलेच पाहिजेत, १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ते आहे. दंडाची पावती फाडून विषय संपतो असे समजणाऱ्यांना मी तो पाय आठवून देतो.

पालकांना एक विनंती. मुलगा दहावीत घसरला की आपण म्हणतो, "गॅरेजला घाला." जणू गॅरेज ही शिक्षा आहे. आपल्या समाजात स्वतःच्या हाताच्या धंद्यावर जगणारे किती, हे २००६च्या सच्चर समितीच्या अहवालातही आले आहे. धंद्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो न शिकता धंदा करण्यात. उस्तादाने सांगितले म्हणून लाल वायर लालला जोडायची, हे शिक्षण नव्हे. आपण अल्-जझरीचे नाव अभिमानाने घेतो. त्याने १२०६ साली यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला, तेव्हा प्रत्येक यंत्र आकृती काढून, भाग कसा जोडायचा ते सांगून समजावले. आणि आमची मुले कागदावर एक रेघ न काढता वायर कापतात! मुलगा गॅरेजला जात असेल तर त्याच्या खिशात वही असू द्या. गाडी आली की तिच्या दिव्यांची आकृती, वायरचे रंग, रिलेवरचे आकडे त्याने उतरून घ्यावेत. तीस म्हणजे बॅटरीची थेट लाइन, एकतीस म्हणजे अर्थ, छप्पन्न हेडलाइटचे, अठ्ठावन्न टेललाइटचे. ही जर्मन पद्धत एकदा कळली की अनेक कंपन्यांच्या गाड्या वाचता येतात. शक्य असेल त्याने आयटीआयचा अभ्यासक्रम करावा. संध्याकाळी गॅरेज, दिवसा वर्ग, असे करणारी मुले मी पाहिली आहेत.

त्या मोसंबीच्या गाडीचे काम झाले तेव्हा अंधार पडला होता. चाचा घाईने चढू लागले. मी त्यांना खाली उतरवले, माझ्या मुलाला ब्रेकवर बसवले, आणि चाचांना गाडीच्या मागे पन्नास पावले चालत नेले. "आता वळून पाहा," म्हणालो. दोन लाल दिवे, ब्रेक दाबला की दोन्ही भडक. चाचा बराच वेळ तिथेच उभे राहिले. म्हणाले, "पंचवीस वर्षे ही गाडी चालवतो, मागून आज पहिल्यांदा पाहिली."