निर्माल्याच्या पिशवीचा प्रवास



आपल्याला इंदूरकरांना समुद्र फार लांबचा वाटतो. पण आपली कान्ह उज्जैनपाशी क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना प्रयागला गंगेला. म्हणजे कृष्णपुऱ्याच्या पुलावरून टाकलेल्या पिशवीला थेट बंगालच्या उपसागरापर्यंत वाट मोकळी!

आणि ती टाकतं कोण? आपणच. दहा दिवसांचं निर्माल्य भक्तिभावानं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरतो, वर गाठ मारतो आणि हात जोडून सोडतो. फुलं कुजतात. पिशवी कुजत नाही. उन्हापाण्यानं तिचे तुकडे होतात, आणि ते बारीक झाले की कुणाच्या हाती लागत नाहीत.

म्हणून अडवायचं ते नाल्यातच. काही शहरांत नाल्यावर तरंगता अडसर बांधतात, तोही प्रवाहाला तिरका, म्हणजे पाणीच कचरा काठाशी ढकलतं आणि तिथून तो उचलता येतो. पण गाळानं जड झालेलं प्लॅस्टिक खालून निसटतं, आणि पुराच्या लोंढ्यात तर अडसरही टिकेलच असं नाही.

सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरी गेल्या वर्षी आपल्याच मखरात तो होता. आम्ही कार्यकारिणीतल्या सगळ्यांनी पाहिला आणि गप्प बसलो. स्वच्छतेत पहिल्या नंबरचं शहर म्हणून पाहुण्यांपुढे मिरवतो तेही आम्हीच.

यंदा मखर कापडाचं आहे. मंडपाच्या दाराशी दोन टोपल्या ठेवल्या आहेत. निर्माल्य एकीत ओता, रिकामी पिशवी दुसरीत टाका. गाठ मारलेली पिशवी आणलीत, तर ती तुमच्याकडूनच सोडवून घेऊ.