शिधा कोणाचा, छत्र कोणाचे?

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेचा साठ वर्षांचा इतिहास माझ्यापेक्षा अधिकारी वक्त्यांनी आज सकाळी आपल्यापुढे मांडला आहे. समितीने मला विषय दिला तो 'समाजमाध्यमे आणि नवे उद्योग' हा. तो फलकावर लागला त्या दिवशी दहावीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "बाई, यावर तुम्ही बोलणार?" 'तुम्ही' या शब्दावर त्याने दिलेला जोर माझ्या लक्षात आला. तरीही बोलते, कारण या विषयात यंत्रापेक्षा यजमान आणि पाहुणे यांच्या नात्याचा भाग अधिक आहे, असे मला वाटते. त्या नात्याचा विचार करताना मला तमिळनाडूतील एका गावाची आठवण होते.

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु नावाचे गाव आहे. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या स्मरणार्थ, तेथे छत्र बांधले. छत्र म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी असलेले अन्नछत्र, धर्मशाळा, दवाखाना आणि पाठशाळा, हे सारे एकत्र. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला होता. छत्रांच्या खर्चासाठी तोडून दिलेली गावेही जातील, या चिंतेने सरफोजींनी १८०१ मध्ये तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक दीर्घ पत्र लिहिले. छत्रांत काय चालते याचा त्यात तपशील आहे. येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही जातीचा असो, अन्न मिळे. शिजवलेले अन्न ज्याला चालत नसे त्याला कोरडा शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास यावे, असा पुकारा होई. अनाथ मुलांना शिक्षकाच्या स्वाधीन करून तीन वेळचे जेवण, औषध आणि कपडे दिले जात. आजारी वाटसरूला बरे वाटेपर्यंत ठेवून घेत. आम्हा शिक्षकांना हे पत्र बी.एड.च्या अभ्यासक्रमात नेमावयास हवे, असे माझे जुने मत आहे; ते असो.

आता या छत्राचा व्यवहार पाहा. जागा राजाची, धान्य राजाने नेमून दिलेल्या गावांचे, आणि पाहुण्याकडून अपेक्षा काही नाही. गेल्या वीस-बावीस वर्षांत जगभर जी नवी छत्रे उभी राहिली, त्यांचा व्यवहार याच्या नेमका उलट आहे. २००४ मध्ये फेसबुक सुरू झाले, २००५ मध्ये यूट्यूब. या नव्या उद्योगांनी लोकांना सांगितले की, आम्ही फक्त मांडव घालतो; काय वाढायचे ते तुम्हीच आणा. लोकांनी आणले. छायाचित्रे आणली, गाणी आणली, पाककृती आणि भांडणेही आणली. २००६ मध्ये गूगलने यूट्यूब विकत घेतले ते १६५ कोटी डॉलरना. तेव्हा त्या कंपनीत साठ-सत्तर माणसे कामाला होती. २०१२ मध्ये फेसबुकने इन्स्टाग्रामसाठी १०० कोटी डॉलर देऊ केले. तेथे काम करणारे अवघे तेरा जण होते. तेरा माणसांच्या कामाची ही किंमत असेल काय? नक्कीच नाही. ती किंमत होती कोट्यवधी पाहुण्यांनी आणलेल्या शिध्याची, आणि तो खावयास कोण किती वेळ बसतो याच्या नोंदीची. ही नोंद जाहिरातदाराच्या उपयोगाची असते.

मी या उद्योगांची शत्रू नाही. यूट्यूब २००७ पासून चित्रफिती करणाऱ्यांना जाहिरातीच्या उत्पन्नातील वाटा देते, हे मान्य केले पाहिजे. आपल्या देशातही या वाटेने पुष्कळ चांगले घडले. २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या प्रतिलिपीवर आपल्या पालकांपैकी दोघी जणी नियमाने मराठी कथा लिहितात. संपादकाचे 'साभार परत' हे दोन शब्द त्यांना कधी वाचावे लागले नाहीत, आणि वाचकही मिळाले. आयआयटी कानपूरच्या तीन पदवीधरांनी २०१५ मध्ये काढलेल्या शेअरचॅटने, इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही आपल्या भाषेत बोलण्याची जागा हवी असते, हे ओळखले. श्रीधर वेंबू हे मूळ तंजावर जिल्ह्यातलेच. त्यांच्या झोहो कंपनीने २०२१ मध्ये 'अरट्टै' आणले. तमिळमध्ये अरट्टै म्हणजे गप्पा. नाव ठेवताना इंग्रजीच्या दाराशी जावे लागत नाही, एवढे तरी आपण त्यांच्याकडून घ्यावे. आणि 'वेब' या शब्दापुढे आकडे लावून नव्या युगाच्या घोषणा होण्यापूर्वीच, १९९६ मध्ये, अमेरिकेतील मराठी मंडळींनी 'मायबोली' सुरू केली होती. तेथेही वाचक हाच लेखक होता.

आपल्या भाषेत या कल्पनेची मुळे आणखी खोल आहेत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम हाती घेतले, तेव्हा त्यांच्यामागे ना संस्थान होते ना विद्यापीठ. त्यांनी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव फिरून वर्गणीदार मिळवले आणि तेवीस खंड पूर्ण केले. वाचकांच्या खिशातून ज्ञानकोश उभारणे हा त्या काळचा स्टार्टअपच होता, आणि केतकरांना त्याने किती थकवले हे त्यांच्या चरित्रात वाचावयास मिळते.

आज ओरत्तनाडूच्या छत्राशी थोडेफार नाते सांगू शकेल अशी एकच मोठी जागा मला दिसते, ती विकिपीडियाची. तो २००१ मध्ये इंग्रजीत आणि २००३ मध्ये मराठीत सुरू झाला. येथेही शिधा पाहुण्यांचाच आहे. पण तो विकला जात नाही. जाहिरात नाही, खर्च देणग्यांतून चालतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथील सारा मजकूर कोणालाही उतरवून घेता येतो, पुन्हा छापता येतो. उद्या तो मांडव मोडला तरी भांडी आणि धान्य दुसरीकडे नेता येईल. तमिळ विकिपीडियाही २००३ चाच. त्यातील लेख दीड लाखाच्या पुढे गेले आहेत आणि आपण त्यांच्या मागे आहोत. दिवसाकाठी शेकडो मराठी संदेश पुढे ढकलणाऱ्या आपल्या समाजाकडे एक लेख नीट लिहिण्यास वेळ नसतो, हे मी येथे पालकांच्या साक्षीने नोंदवून ठेवते.

मांडव मोडतात, आणि बरेचदा मोडतात. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाली, ऑर्कुट २०१४ मध्ये. आपल्या देशातील 'कू' २०२० मध्ये मोठ्या उत्साहात आले आणि जुलै २०२४ मध्ये थांबले. भांडवलदारांच्या पैशावर चालणारे छत्र, पैसा आटला की बंद होते. त्यात नवल नाही. तंजावरचे राज्य १८५५ मध्ये खालसा झाले, तरी छत्रांचा कारभार मागे उरला. आजही तो जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आहे, कारण त्यामागे जमिनी होत्या. ओरत्तनाडूच्या वास्तूत पुढे शाळा भरली, वसतिगृह चालले.

हे मी का सांगते आहे, ते आपल्या माजी विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. पंधराएक वर्षांपूर्वी त्यांनी एका संकेतस्थळावर शाळेची जुनी छायाचित्रे मोठ्या कष्टाने गोळा केली. प्रत्येकाने घरची मूळ प्रत छापील खोक्यात ठेवून दिली किंवा घर बदलताना टाकून दिली, कारण 'नेटवर आहे'. ते स्थळ बंद झाले. पत्र्याच्या शेडसमोर उभ्या असलेल्या पहिल्या तुकडीचे, संस्थापक गुरुजी मधोमध बसलेले छायाचित्र त्यात होते. स्मरणिकेसाठी ते आम्ही तीन महिने शोधत आहोत. त्या तुकडीतील सहा जण आज या सभागृहात आहेत; त्यांच्यापैकी कोणाकडेही ते नाही.

मुलांविषयीही दोन शब्द बोलते. कॉपी-पुस्तकातील चित्रापासून स्नेहसंमेलनातील नृत्यापर्यंत आपण मुलांचे सारे काही या मांडवांत नेऊन ठेवतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती आवश्यक केली आहे, आणि मोजके अपवाद सोडता मुलांचा माग काढण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. पण वर्गाच्या कार्यक्रमाची चित्रफीत आई स्वतःच सर्वांसाठी खुली करते, तेव्हा कायदा कोठे पुरा पडणार? येत्या वर्षापासून आपल्या शाळेच्या नावाने मुलांचे चेहरे दिसणारे काहीही पालकांच्या लेखी परवानगीवाचून प्रसिद्ध होणार नाही. काही पालक माझ्यावर रागावतील. रागवावे.

बंदी घालून मात्र मुलांना सहभाग शिकवता येणार नाही, म्हणून दुसरेही एक ठरवले आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठा दरबाराच्या कागदांचे १३०० हून अधिक रुमाल आहेत, आणि त्यांतील मराठी मोडी लिपीत आहे. छत्रांत काय शिजले, कोणाला काय दिले, हे कळण्याचा मार्ग अशा कागदांतूनच जातो. सरफोजींच्याच काळात, १८०६ मध्ये, इसापच्या गोष्टींचे 'बालबोधमुक्तावळी' हे मराठी भाषांतर तंजावरला देवनागरी ठशांनी छापले गेले, तेव्हा मुंबई-पुण्यात मराठी पुस्तकांची छपाई सुरूही झाली नव्हती. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. म्हणजे संगणक ती अक्षरे ओळखू लागला. आता वाचणारी माणसे हवीत. आपल्या नववीच्या वर्गासाठी जूनपासून शनिवारी मोडीचा तास ठेवला आहे. प्रथम आपल्याच गावातील घरांतून मिळणारे कागद वाचावयाचे, त्यांचे देवनागरी लिप्यंतर करावयाचे आणि घरच्यांच्या संमतीने ते मराठी विकिस्रोतावर ठेवावयाचे. एक प्रत शाळेच्या कपाटात राहील. मुलांना यासाठी गुण नाहीत, हे आधीच सांगते. ज्यांना गुणांवाचून काम सुचत नाही, त्यांनी क्रीडांगणावर जावे, तेही उत्तमच.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. घरी शाळेची जी छायाचित्रे, प्रगतिपुस्तके, हस्तलिखित अंक असतील ते कार्यालयात आणून द्यावेत. त्यांची संगणकीय प्रत करून मूळ वस्तू आठ दिवसांत परत मिळेल. लिपिक पोच देतील. फोनवरून पाठवलेली प्रत चालणार नाही, ती लहान होऊन येते. छायाचित्राच्या मागे साल आणि डावीकडून उजवीकडे नावे लिहून आणावीत, आणि ती पेन्सिलीने लिहावीत. शाई पुढच्या बाजूस उमटते.