परवाना आणि त्याचे ठिकाण

मुंबई-पुण्यात घर देता-घेताना ‘लीव्ह अँड लायसन्स’ नावाचा जो करार सर्रास केला जातो, त्याचा अर्थ करार करणाऱ्या दोघांनाही बहुधा ठाऊक असतो. राहणाऱ्याला मालकी मिळत नाही; मिळते ती ठरावीक जागा, ठरावीक मुदतीपर्यंत, ठरावीक कामासाठी वापरण्याची मुभा. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याचे ५२ वे कलम हीच कल्पना सांगते. दुसऱ्याच्या मालमत्तेत जे करणे एरवी बेकायदेशीर ठरले असते, ते करण्याची परवानगी म्हणजे परवाना. घराच्या बाबतीत कोणी हे विसरत नाही. संगणकाच्या आज्ञावलीच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र भले भले विसरतात.

याचे एक कारण इतिहासात आहे. प्रारंभी आज्ञावली यंत्राबरोबरच येत असे. तिचे वेगळे मोल कोणी सांगत नसे. २३ जून १९६९ रोजी अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आज्ञावल्यांची आणि सेवांची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले, आणि आज्ञावली हा स्वतंत्र व्यवहाराचा विषय झाला. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाची आज्ञावली साहित्यकृतीच्या व्याख्येत समाविष्ट झाली. कथा-कादंबरीच्या पंक्तीस हिशेबाची आज्ञावली बसली! पण पुस्तक विकत घेणाऱ्याला त्याची नक्कल करावी लागत नाही. आज्ञावली मात्र यंत्रावर उतरवून घेतल्यावाचून चालतच नाही. मग हे उतरवून घेणे म्हणजे मालकाच्या हक्काचा उपभोग की साधा वापर?

या प्रश्नाचा निकाल लागण्यास जवळजवळ दोन दशके लागली, आणि त्याचा बराचसा प्रवास बेंगळुरूतून झाला. इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या कंपनीने अमेरिकेतून स्वतःच्या वापरासाठी तयार आज्ञावली आणली होती. आयकर अधिकाऱ्याने २००२ साली असे ठरविले, की परदेशी पाठविलेली ही रक्कम म्हणजे कॉपीराइटबद्दलचे स्वामित्वधन आहे; तेव्हा कंपनीने त्यातून कर कापून घ्यावयास हवा होता. बेंगळुरूच्या अपील न्यायाधिकरणाने करदात्यांच्या बाजूने कौल दिला. पुढे २०११ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने तो फिरविला. आज्ञावली हार्ड डिस्कवर उतरविणे हाच कॉपीराइटमधील हक्काचा वापर होय, असे त्या न्यायालयाचे मत पडले. अखेर २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने करदात्यांचे म्हणणे मान्य केले.

न्यायालयाने दिलेला दाखला सुबोध आहे. इंग्रज प्रकाशकाने एखाद्या ग्रंथाच्या २,००० प्रती भारतीय वितरकाला विकल्या, तर विकल्या गेल्या त्या प्रती. ग्रंथ छापण्याचा हक्क नव्हे. आज्ञावलीचेही तसेच. कॉपीराइट कायद्याचे कलमही योगायोगाने ५२ वेच आहे. आज्ञावली ज्या कारणासाठी दिली गेली त्या कारणासाठी तिचा उपयोग करता यावा म्हणून, तसेच नाश किंवा हानी यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून, कायदेशीर धारकाने केलेली प्रत हे कलम निर्दोष मानते. करारांतील निर्बंधांवरही न्यायालयाने बोट ठेवले. वापरणाऱ्याला नक्कल करून विकता येत नाही, दुसऱ्यास देता येत नाही. त्याच्या पदरी केवळ वापर आहे. ज्या अटी ग्राहकाला एरवी जाचक वाटतात, त्याच अटी त्याच्या साहाय्यास धावून आल्या.

परंतु ज्याने मर्यादेचा लाभ घेतला, त्याने मर्यादा पाळलीही पाहिजे. इलेक्ट्रॉनिक सिटीतील किंवा व्हाइटफील्डमधील कोणत्याही मोठ्या कचेरीत एकच आज्ञावली अनेक ठिकाणी नांदत असते. एक प्रत प्रत्यक्ष कामाच्या यंत्रावर, दुसरी चाचणीच्या यंत्रावर, तिसरी संकटकाळी उपयोगी पडावी म्हणून ठेवलेल्या राखीव यंत्रावर. चाचणीसाठी दिलेला परवाना कामाच्या यंत्राला चालेलच असे नाही. राखीव यंत्र बंद ठेवले तर काही करार त्याला सूट देतात. ते चालू ठेवले की वेगळा परवाना मागतात. नव्या संगणकाबरोबर आलेला परवाना बहुधा त्या संगणकाबरोबरच संपतो. कोठे माणसे मोजतात, कोठे यंत्रे, तर कोठे यंत्राच्या प्रक्रियकातील गाभे. समजा, आठ गाभ्यांचा परवाना असलेली आज्ञावली सोळा गाभ्यांच्या यंत्रावर हलविली. प्रत एकच, वापरणारी माणसेही तीच. तरी गरज मात्र दुप्पट झाली. आता तर एका यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे असतात आणि ती रातोरात एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातात. हलविणाऱ्याच्या मनात अप्रामाणिकपणा नसतो. त्याला करार ठाऊक नसतो, इतकेच. पण तपासणीच्या वेळी हे कारण पुढे करून भागत नाही. उलट भीतीपोटी गरजेपेक्षा अधिक परवाने घेऊन ठेवणारी कचेरीही पैसा वायाच घालविते.

यावरचा उपाय महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या घरी शतकाहून अधिक काळ आहे. सातबाराच्या उताऱ्यात गाव नमुना सात जमिनीवर हक्क कोणाचा ते सांगतो आणि नमुना बारा त्या जमिनीत प्रत्यक्ष पीक कोणते ते सांगतो. दोन्ही एका कागदावर आल्याखेरीज जमिनीची खरी स्थिती कळत नाही. आज्ञावलीच्या खरेदीच्या पावत्या म्हणजे केवळ नमुना सात. कोणता परवाना कोणत्या यंत्राला, कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेपासून लावला, हा नमुना बारा बहुतेक कचेऱ्यांत कोराच असतो. तो भरणे हे तलाठ्याचे जुने, नीरस काम आहे. पण हक्क नुसता कपाटात असून पुरत नाही. तो कोठे लावला हे सांगता आले, तरच तो हक्क.