घरच्या चित्रफितींचे संकलन

१९८० नंतरच्या दोन दशकांत कितीतरी घरांतील लग्ने, मुंजी, बाप्तिस्मे आणि एकसष्ट्या व्हीएचएस फितींवर टिपल्या गेल्या. त्या फिती अद्याप कपाटाच्या वरच्या फळीवर असतात. त्या दाखविणारे यंत्र मात्र दुर्मीळ होत चालले आहे. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबविले, आणि हे यंत्र बनविणारी ती अखेरची मोठी कंपनी समजली जात असे. शिवाय फितीवरील चुंबकीय ठसा काळाबरोबर क्षीण होत जातो. ज्यांना हे चित्रण संगणकावर उतरवून घ्यावयाचे आहे, त्यांनी फार काळ विचार करीत बसू नये हे बरे.

गोवा-कोकणासारख्या दमट हवेत फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. ती बुरशी होय. अशी फीत यंत्रात घातली तर यंत्र खराब होतेच, पण तीच बुरशी पुढच्या फितीलाही लागते. ती जाणकाराकडून आधी साफ करून घ्यावी. निर्दोष फीतही एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून मगच चालवावी. तीन तासांची फीत उतरावयास तीन तासच लागतात, तेथे घाई चालत नाही. उतरलेल्या मूळ प्रतीला हात लावू नये. कात्री चालवावी ती दुसऱ्या प्रतीवर. शॉटकट, केडेनलाइव्ह यांसारखे कार्यक्रम संकलनासाठी विनामूल्य मिळतात, आणि घरगुती कामास ते पुरेसे आहेत.

आता कापावयाचे काय? कॅमेरा चालू राहिल्याने टिपली गेलेली जमीन, रिकामा निळा पडदा, आहेर देणाऱ्यांची न संपणारी रांग, हे खुशाल जाऊ द्यावे. हृदयाच्या आकारात वधूवरांना बसविण्याची त्या काळच्या स्टुडिओंना भारी हौस असे. ते आता निघत नाही, पण त्यात नवी भर तरी घालू नये. खरी हानी होते ती आवाजाची. चित्र नीटनेटके झाले की संकलकाला वाटते, मागे एखादे सिनेमाचे गाणे हवे. गाणे चढते आणि मंगलाष्टकांतील मामांचा चिरका सूर, चर्चमधील गायनात अर्धा स्वर मागे राहिलेल्या काकू, स्वयंपाकघरातून कोणाला तरी हाक मारणारी आजी, सारे पुसले जाते. आजीची छायाचित्रे घरोघरी असतात. तिचा आवाज पुष्कळदा त्या एका फितीवरच असतो. सबब मूळ ध्वनी राखावा; गाणे घालावयाचेच असेल तर ते नावांच्या पाटीपुरते असावे.

संकलन झाल्यावर सर्व तुकडे जोडून एकच चित्रण तयार करणे याला रेंडर म्हणतात. प्रत्येक रेंडरमध्ये चित्राचा थोडा कस उतरतो. म्हणून मोबाइलसाठी आणि तबकडीसाठी लागणाऱ्या दोन्ही प्रती मूळ संकलनातूनच काढाव्यात, एकीवरून दुसरी काढू नये. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात, आणि प्रत्येक चित्र सम व विषम ओळींच्या दोन अर्ध्यांनी बनते. त्या अर्ध्यांचा क्रम उलटा निवडला गेला तर हालचाल थरथरते. धावणारे मूल किंवा नाचणारी वरात असलेला मिनिटभराचा तुकडा आधी रेंडर करून दूरदर्शन संचावर पाहावा, म्हणजे दोष तेव्हाच कळतो. रुंद पडदा भरून काढण्यासाठी जुने चौकोनी चित्र ताणू नये. सडपातळ नवरदेव त्यात विनाकारण लठ्ठ होतो.

डीव्हीडी तबकडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात. संगणक हाच आकडा सुमारे ४.३८ दाखवितो, कारण त्याची मोजणी हजाराऐवजी १०२४ च्या पटीत चालते. दुकानदाराने फसविले असे समजू नये. तासाभराचे चित्रण या जागेत उत्तम बसते, दोन तासांचे बऱ्यापैकी. तीन तास कोंबले की चेहऱ्यांवर चौकटी उमटू लागतात. त्यापेक्षा दोन तबकड्या कराव्यात.

तबकडी जाळताना, म्हणजे बर्न करताना, कमाल वेग न घेता मध्यम वेग घ्यावा, त्या वेळी संगणकावर दुसरे काम करू नये, आणि शेवटी तबकडी बंद करण्याचा व पडताळणीचा पर्याय वगळू नये. कागदी चिकटपट्टी लावल्यास तबकडीचा तोल जातो. मऊ टोकाच्या पेनाने वरच्या बाजूस लिहावे. तिच्यातील रंगद्रव्यास ऊन मानवत नाही. तेच चित्रण हार्ड डिस्कवरही ठेवावे, आणि मूळ फीत टाकून देऊ नये.

आणखी एक सोय फारशी कोणी वापरीत नाही. डीव्हीडीवर एकाच चित्रासोबत आठपर्यंत ध्वनिपट्ट्या ठेवता येतात. घरातील वडीलधाऱ्यांना संचासमोर बसवावे, चित्रण चालू करावे आणि त्यांना बोलू द्यावे: हा कोण, ती कोणाची, हे घर कोणत्या गल्लीत होते, पंक्तीला कोण रुसले होते. ते ध्वनिमुद्रण दुसऱ्या पट्टीवर घालावे. पहिल्या पट्टीवर लग्न जसे झाले तसे ऐकू येईल, आणि रिमोटवरील एक कळ दाबली की माणसांची नावे.